मदत हवी आहे: मॅश अडकलाय, तोटीतून थेंबसुद्धा येईना

ओव्हनची घंटा (रात्री १०:४२)
लवकर सांगा कुणीतरी. ६६ अंशाला मॅश लावलेला, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजत ठेवलेलं, दीड तास झाला, तोटी उघडली तर वाटीभर आलं आणि बंद. तोटीत तार घालून बघितली, आतली जाळी साफ आहे. वर सगळी खळ झालीय, डाव उभा राहतोय त्यात. बिअरवाल्यांच्या व्हिडिओत तर सरळ गळून येतं. फेकून द्यायचं का? सकाळी ऑर्डर आहे, मला आज रात्रीच हे संपवायचंय.

हॉप्सवाला (१०:५१)
भावा, धान्य कुठलं, किती, पाणी किती, भरड कुठनं काढली? हे न सांगता कोण काय सांगणार? बहुतेक तोटी एकदम पूर्ण उघडली असणार, मग धान्याचा थर खाली दबून बसतो आणि वाट बंद होते. तोटी बंद कर, तळापासून हलव, दहा मिनिटं बसू दे, मग अगदी थोडी उघड. पहिला तांब्याभर गढूळ येईल तो हळूच परत वर ओत.

तांबडापांढरा (१०:५५)
भाताचा कोंडा टाक की दोन मुठी, मोकळं होतंय लगेच. माझ्या मित्रानं पुण्यात तेच केलेलं.

घनसाळ (१०:५९)
कोंडा नको!! तूस पाहिजे, तूस. कोंडा म्हणजे तांदळावरची भुकटी, तो घातला तर अजून चिखल होईल. तूस म्हणजे वरचं टरफल, ते पाण्यात लगदा होत नाही म्हणून मधनं वाट राहते. आमच्या आजऱ्याकडं जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच भरडून बाहेर पडतात, ते चालणार नाही, शेलरच्या गिरणीतलं अख्खं तूस मागायचं. धान्याच्या ५ ते १० टक्के पुरे. आधी धुऊन गरम पाण्यात भिजवायचं, नाहीतर तुमचंच पाणी ते पिऊन टाकतं.

तांबडापांढरा (११:०२)
आमच्यात सगळ्याला कोंडाच म्हणतात.

घनसाळ (११:०३)
म्हणा की, पण गिरणीवाल्याला तसं सांगितलं तर तो म्हशीच्या पेंडीतलं बांधून देईल.

ओव्हनची घंटा (११:०६)
रात्री अकराला कुठली गिरणी? पोल्ट्रीत अंथरायचं तूस चालेल का, शेजारी आहे. धान्य ४ किलो, पाणी १२ लिटर. हलवून बघितलं, परत तेच.

हॉप्सवाला (११:०८)
चार किलो कशाचं?

कागदपत्रं (११:१०)
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, बिअर त्यात आलीच, स्वतःपुरती असली तरी. उघड लिहिण्याआधी विचार करा.

नाचणीची भाकरी (११:१४)
मोडाच्या धान्याचं चाललंय म्हणून सांगते. माझ्या नातवाला मी नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, वाळवून दळते. दुधातून द्यायची. गिरणीत आधी कुणाचं मिरचीचं दळण झालं असेल तर थोडे तांदूळ फिरवून घ्या.

ओव्हनची घंटा (११:१७)
बिअर नाही हो! मी घरी पाव करते, हॉटेलांना देते. पावात घालायला माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, सिरप लागतं, ते विकत परवडत नाही म्हणून घरी करतेय. कृती बिअरवाल्यांच्या व्हिडिओत आहे तेवढी फक्त घेतली, यीस्ट यात घालायचंच नाही, गाळून थेट आटवायचं. आणि भावा नाही, ताई म्हणा. धान्य २ किलो बार्ली माल्ट आणि २ किलो शाळू, घरचाच होता, दोन्ही चक्कीतनं दळून आणलं. बारीकच दळलंय, जास्त उतरेल म्हणून.

हॉप्सवाला (११:२१)
ताई, हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं. दोन्ही चुका तिथंच आहेत. बार्लीचं टरफल हीच तुमची चाळणी असते, त्याचं पीठ केलं की चाळणी गेली. माल्ट नुसतं फुटलं पाहिजे, टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. आणि कच्च्या शाळूचा स्टार्च ६६ ला नीट फुलत नाही, त्याला अजून ताव लागतो, म्हणून शाळू आधी वेगळा शिजवून घ्यायचा, कण्या शिजवतो तसा, मग तो ६६ पर्यंत उतरला की माल्टमध्ये मिसळायचा. अर्धा शाळू जरा जास्तच आहे, पुढच्या वेळी पाव भागच घ्या. आता ताप किती आहे? आणि घरात टिंक्चर आयोडीन आहे का?

तांबडापांढरा (११:२२)
सायकलच्या पंपानं तोटीतनं हवा मारा खालनं.

हॉप्सवाला (११:२३)
अजिबात नको. गरम खळ तोंडावर उडाली तर कातडं सोलून निघेल. फुंकू पण नका नळीतनं.

ओव्हनची घंटा (११:२९)
५८ आहे आता. बशीत चमचाभर गार करून टिंक्चरचा थेंब टाकला, शाईसारखं काळंनिळं झालं.

हॉप्सवाला (११:३४)
म्हणजे स्टार्च अजून तसाच आहे, साखर झालेली नाही. ते बशीतलं टाकून द्या, परत ओतू नका. उकळतं पाणी तांब्या-तांब्यानं घालत, सारखं हलवत ७२ पर्यंत न्या, सहा-सात लिटर लागेल. बिअर असती तर मी एवढं पाणी घालू दिलं नसतं, पण तुम्हाला आटवायचंच आहे. मग मूठ-दोन मूठ ताजं माल्ट भरडून घाला, कारण दीड तासात आधीच्या माल्टचा स्टार्चची साखर करायचा जोर बराच संपला असणार. गोधडी गुंडाळून पाऊण तास ठेवा, परत थेंब टाकून बघा. ७७ च्या वर नेऊ नका, माल्टचा जोर तिथं मरतो आणि टरफलाचा तुरटपणा उतरतो.

घनसाळ (११:३८)
पोल्ट्रीचं तूस न उघडलेल्या पोत्यातलं असेल तरच घ्या, अंथरलेलं नको. नसेल तर तोटीचा नाद सोडा, धुतलेल्या पंचात ओतून चक्क्यासारखं टांगा.

हॉप्सवाला (११:३९)
टांगा, पण पिळू नका, तुरट होतं.

घनसाळ (११:४१)
पिळल्यानं तुरट होत नाही, पाणी जास्त तापलं आणि क्षारी असलं की होतं. मी पिशवीत मॅश करतो तेव्हा दर वेळी पिळतो.

गुऱ्हाळ २ (११:४६)
माल्टची काकवी म्हणायला हरकत नाही ताई. आमच्याकडं रस उकळताना रानभेंडीचा चीक घालतात, मळी वर येते. तसं करा.

घनसाळ (११:४८)
अहो भेंडी मळी काढायला, इथं आधीच चिकट होऊन बसलंय! आणि काकवी उसाचीच, दुसऱ्या कशाला काकवी म्हणू नका.

गुऱ्हाळ २ (११:५०)
आटवताना तरी ऐका माझं. आमची काकवी १०५ अंशाच्या आसपास उतरवतात. शेवटी आच बारीक ठेवा, तळाला लागली की करपल्याचा वास काही केल्या जात नाही.

ओव्हनची घंटा (रात्री १:२०)
झालं! गोधडीत पाऊण तास ठेवलं, उघडलं तर डाव पडला, वर पातळ चहासारखं पाणी दिसतंय. थेंब टाकला, पिवळाच राहिला. पोत्याचं तोंड शिवलेलंच होतं, पोल्ट्रीवाल्या काकींनी झोपेतनं उठून किलोभर तूस दिलं. ३०० ग्राम धुऊन, भिजवून घातलं, तोटी करंगळीएवढी उघडली. पहिलं गढूळ परत वर ओतलं, तिसऱ्या तांब्याला स्वच्छ यायला लागलं, धार बारीक आहे पण तुटत नाही. आता मोठ्या पातेल्यात आटवायला ठेवते. हॉप्सवाला, घनसाळ, गुऱ्हाळ २, मनापासून आभार. कागदपत्रं, तुमचंही बरोबर होतं, मीच सांगितलं नव्हतं.

नाचणीची भाकरी (सकाळी ६:०५)
नाचणीचं करून बघितलं का?

तांबडापांढरा (६:३०)
चोथा टाकू नका ताई. आमची म्हैस खाते, आज येऊन नेतो. तूस फार नाही ना त्यात?

ओव्हनची घंटा (७:१०)
३०० ग्रामच आहे. आठच्या आत या, मला पाव पोचवायला जायचंय. पाच लिटरचा डबा अर्धा भरला सिरपनं, रंग मधासारखा आलाय. बादली तुमची आणा.