ग्राफिक्स कार्ड: थांबावं की आत्ताच घ्यावं?

विषय: मुलासाठी ग्राफिक्स कार्ड, सल्ला हवा आहे
५ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या पीसीत मी २०१६ साली घेतलेलं एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र पडद्यावर उभं करणारं) आहे, सहा जीबी मेमरीचं. तेव्हा त्याची किंमत २४९ डॉलर होती. नऊ वर्षं इमानेइतबारे चाललं. पण ऑक्टोबरपासून एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद केले, आणि काही नव्या गेम्स तर त्यावर सुरूच होत नाहीत.

उन्हाळाभर पोहण्याच्या क्लासला मदतनीस म्हणून उभं राहून त्याने ४३० डॉलर जमवले. आकडा असा नेमका, कारण एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ जीबीचं कार्ड एप्रिलमध्ये ४२९ ला जाहीर झालं होतं. परवा दुकानात गेलो तर त्याच कार्डाच्या पट्टीवर पाचशेच्या वरचा आकडा. त्याने खिशातलं पाकीट बाहेरच काढलं नाही. गाडीत मी म्हटलं, वरचे मी घालतो. तर म्हणाला, "नको बाबा, थांबू. २०२२ मध्ये उतरल्या होत्या ना किमती, तशाच उतरतील."

खरंच उतरतील का? जाणकारांनी कृपया सांगावं.

आपला,
कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एक बाबा

---

उत्तर: मुलासाठी ग्राफिक्स कार्ड
६ जानेवारी

नमस्कार,

मेमरी चिपच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढून निवृत्त झालो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मुलाचं गणित चुकलेलं नाही, पण ते त्या वेळचं आहे.

२०२०-२१ मध्ये इथेरियम हे डिजिटल चलन संगणकावर 'काढणारे' लोक गेमिंगचीच कार्डं उचलत होते. ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० बाहेर दुपटीने विकलं जायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने पद्धत बदलली, त्या कामासाठी कार्डाची गरजच संपली आणि गोठ्यातून गुरं सुटावीत तशी ती कार्डं वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. भाव पडण्यामागे हे एक मोठं कारण होतं.

आता कार्ड कोणी उचलत नाहीये. कार्ड ज्यापासून बनतं ते, म्हणजे मेमरी चिपचं उत्पादन, उचललं जातंय. एआयच्या सर्व्हरला एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे संगणकात आणि कार्डांत लागणारी मेमरी, या तिघांकडेच बनते. एक जीबी एचबीएमला डीडीआर५ या पीसीतल्या साध्या मेमरीच्या साधारण तिप्पट वेफर (चिप ज्यावर बनते ती सिलिकॉनची चकती) खर्ची पडतो. वेफर तेवढेच, त्यामुळे एकाच्या ताटात वाढलं की दुसऱ्याच्या ताटातलं कमी होतं. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या मालावर आमचे संसार उभे राहिले, तो माल साध्या गिऱ्हाइकाला विकायचाच नाही, असं ठरलं.

एनव्हिडियाचं जानेवारी २०२५ ला संपलेलं वर्ष बघा. डेटा सेंटरचं उत्पन्न ११५ अब्ज डॉलर, गेमिंगचं ११ अब्जांच्या थोडं वर. ओढा कुठे असणार ते उघड आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एआयची लाट उद्या ओसरली, तरी सर्व्हरमधल्या त्या एआय चिप तुमच्या घरी येणार नाहीत. त्यातल्या बहुतेकांना मॉनिटर जोडायची जागाच नसते, स्वतःचा पंखा नसतो, कित्येक तर कार्डाच्या आकाराचेही नसतात. २०२२ सारखा पूर येण्याची वाट बघू नका. नवे कारखाने उभे राहायलाही वर्षं लागतात.

डोंबिवलीच्या भाच्याचा कालच फोन होता, "मामा, येताना एक कार्ड आणा." पूर्वी बॅगेत टाकून नेत असे. या वेळी त्याला सांगितलं, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत चौकशी कर, इकडेही तीच रड आहे.

सनीव्हेलचा काका

---

उत्तर: मुलासाठी ग्राफिक्स कार्ड
६ जानेवारी, रात्री

नमस्कार. फ्रीमाँटच्या बाबांसाठी लिहितेय. मी डेव्हिसला शिकते आणि मित्रमैत्रिणींचे पीसी जोडून देते.

घाईघाईत आठ जीबीचं स्वस्त कार्ड मात्र घेऊ नका. तुमचा मदरबोर्डही (पीसीतला मुख्य बोर्ड) २०१६ चाच असेल, तर कार्ड जोडायची त्याची वाट जुन्या पिढीची, पीसीआय एक्सप्रेस ३ असणार. ५०६० टीआय त्या वाटेच्या आठच लेनवर (पदरांवर) चालतं. कार्डाची मेमरी भरली की उरलेला डेटा त्या अरुंद वाटेने रॅममधून ये-जा करतो, आणि मग खेळ झटके खात चालतो. नवंच घ्यायचं असेल तर एनव्हिडियाची स्पर्धक एएमडी हिचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं, बघा. जाहीर किंमत ३४९ होती आणि त्याला सोळा लेन आहेत. पण किंमत वाढलेली असेल, तर माझं ऐका.

माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीचं. २०२१ च्या वसंतात मी आणि दादाने एका पुनर्विक्रेत्याकडून साडेसातशेला घेतलं होतं. खोक्यावर जुन्या दुकानाची पावती तशीच चिकटलेली होती: ३२९. दादा ती पावती हातात धरून बराच वेळ गप्प बसला होता. मला ते कार्ड कोणाला तसं विकायचं नाहीये. १५० ला देते. आधी चालवून बघा, मग पैसे द्या. पॉवर सप्लाय ५५० वॉटचा आहे का, आणि आठ पिनांची वायर आहे का, तेवढं बघून ठेवा.

---

उत्तर: मुलासाठी ग्राफिक्स कार्ड
१९ जानेवारी

मंडळी,

शनिवारी संक्रांतीच्या कार्यक्रमात काम झालं. हॉलच्या मागच्या खोलीत, तिळगुळाच्या डब्यांशेजारी, चिरंजीवांनी पीसी उघडला. १०६० काढलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर करड्या लोकरीसारखी धूळ बसली होती. डेव्हिसच्या ताईंनी ३०६० जुन्या शालीत गुंडाळून आणलं होतं. आडवं धरून दोन्ही पंखे बोटाने फिरवून दाखवले, कुठे घरघर नाही. क्लिप 'टक' करून बसली, पडद्यावर चित्र आलं, आणि अर्धा तास गेम चालवून तापमान बघितलं: ६८ अंश. मग मुलाने स्वतःच्या पाकिटातून पैसे मोजून दिले.

सनीव्हेलच्या काकांनी त्याला एचबीएमची आकृती कागदी ताटलीच्या मागे काढून दाखवली. ती ताटली आता त्याच्या टेबलावर भिंतीला टेकून उभी आहे.

उरलेल्या पैशांतून तो रॅम घेणार होता, पण ३२ जीबीची जोडी उन्हाळ्यात शंभराच्या आसपास होती, आता तिप्पट आहे. आहे त्यावर भागवायचं ठरलं.

जुनं १०६० साफ करून, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) नव्याने लावून ठेवलं आहे. जुन्या गेम्स त्यावर अजून उत्तम चालतात. पहिलाच पीसी जोडणारं कोणाचं मूल असेल तर फुकट घेऊन जा. पुढच्या रविवारी मराठी शाळा सुटताना मी गेटपाशी असेन.

फ्रीमाँटचा बाबा