रेकॉर्डिंगनंतर उरलेल्या ऑडिओ फायली: काय ठेवावे, काय काढावे?

खर्जातला

नमस्कार. घरच्या स्टुडिओत अभंगांच्या एका संचाचे ध्वनिमुद्रण नुकतेच पूर्ण झाले. गायन, संवादिनी, पखवाजाला दोन माइक, टाळ आणि तानपुरा असे सहा मोनो ट्रॅक रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिटला घेतले. मेट्रोनोम लावला नव्हता. सर्व कलाकार एकाच खोलीत बसून वाजवत होते आणि एखादा चरण मनासारखा झाला नाही की तिथूनच पुन्हा सुरुवात केली जात होती. परिणामी मीडियाच्या फोल्डरमध्ये शेकडो डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या ध्वनीच्या) फायली साठल्या असून अंतिम मिश्रणात त्यांतल्या थोड्याच लागल्या आहेत. डिस्क भरत आली आहे. फाइल मेनूतील ‘क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी’ वापरून उरलेल्या फायली काढून टाकाव्यात का? प्रत्येक अभंगाची आरपीपी (रीपरची प्रोजेक्ट) फाइल वेगळी आहे, मात्र सगळ्या एकाच फोल्डरमध्ये आहेत. बॅकअप म्हणायचा तर हाच फोल्डर क्लाउडशी सिंक केलेला आहे.

मिक्सघर

सध्याच्या मांडणीत ती आज्ञा कृपया देऊ नका. कोणती फाइल वापरात आहे हे ठरवताना ती केवळ त्या वेळी उघडलेला प्रोजेक्ट पाहते. त्यामुळे पहिला अभंग उघडा असताना दुसऱ्या अभंगाच्या मिश्रणात वापरलेल्या फायलीही ‘न वापरलेल्या’ म्हणून यादीत येतील, आणि त्या पुसल्याचे तुम्हाला दुसरा अभंग उघडेपर्यंत कळणारही नाही.

माझ्या मते सुरुवात पुसण्यापासून करूच नये. एकेक अभंग उघडून ‘सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज’मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र उपफोल्डर आणि सर्व मीडिया तिथे कॉपी करण्याचा पर्याय निवडा. नव्या फोल्डरमध्ये त्या अभंगाला लागणाऱ्या फायलीच येतात. एखाद्या आयटममध्ये (टाइमलाइनवरच्या ध्वनीच्या तुकड्यात) दडलेले पर्यायी टेकही, म्हणजे त्याच भागाची इतर मुद्रणेही, येतात, कारण प्रोजेक्टच्या लेखी ते वापरात असतात. टाइमलाइनवरून काढून टाकलेले टेक मात्र जुन्या फोल्डरमध्येच राहतात, म्हणजे उरलेला माल आपोआप वेगळा होतो. यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात: जुन्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदला आणि मग नवी आरपीपी उघडा. रीपरने एखादी फाइल सापडत नसल्याची तक्रार केली, तर कॉपी अपुरी झाली आहे असे समजावे. सॅम्पलरमध्ये (तयार आवाज वाजवणाऱ्या साधनात) ओढून आणलेले आवाज असतील तर तेही वाजवून पाहा.

रीपीक्स फायली केवळ तरंगाकृती दाखवण्यासाठी असतात आणि पुन्हा तयार होतात, त्या खुशाल काढा. जागेचा अंदाज हवा असेल तर तुमच्या मापाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो, म्हणजे सहा ट्रॅकचा एक तास साधारण ३.१ जीबी. आजच्या डिस्कच्या मानाने ही जागा फार नाही. त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणावर पाणी सोडावे असे मला वाटत नाही.

काळी_चार

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, गाणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. एका खोलीत, मेट्रोनोमशिवाय घेतलेल्या टेकमध्ये गायनाच्या माइकमध्ये पखवाज आणि पखवाजाच्या माइकमध्ये गायन उतरलेले असते, शिवाय प्रत्येक टेकची लय किंचित निराळी असते. म्हणून एका टेकमधले गायन उचलून दुसऱ्या टेकच्या पखवाजावर ठेवणे बहुधा जमत नाही. याचा अर्थ असा की टेक ठेवायचा असेल तर त्याच्या सहाही फायली ठेवाव्यात आणि काढायचा असेल तर सहाही काढाव्यात. केवळ गायन राखून बाकीचे पुसण्याची काटकसर कामाची नाही.

दोन गोष्टी मात्र काहीही झाले तरी जपून ठेवा: गाणे सुरू होण्यापूर्वी एकटा वाजत असलेला तानपुरा, आणि कोणी वाजवत नसतानाची खोलीची शांतता. दोन टेकचा सांधा झाकायला याच फायली उपयोगी पडतात. काय नको आहे हे गायिकेला विचारून ठरवावे, हेही सुचवतो. तिला नापसंत असलेला टेक तिच्या नकळत वर्षानुवर्षे सांभाळणे योग्य नव्हे.

जुनी_टेप

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्या संगणकावरून फाइल पुसली गेली की ती क्लाउडवरूनही जाते, आणि कचरापेटीची मुदत संपली की विषय संपला. एक प्रत कामाच्या डिस्कवर, दुसरी एरवी काढून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, अशी किमान व्यवस्था असावी. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवून तिच्यावर एकमेव प्रत सोपवू नये.

न वापरलेल्या टेकसाठी फ्लॅक हे ध्वनी दाबून साठवणारे फाइल-स्वरूप सोयीचे आहे. त्यात ध्वनीचा अंशही गमावला जात नाही, आकार बराच घटतो, आणि मूळ ध्वनीचा एमडी५ हा पडताळणीचा आकडा फाइलमध्येच नोंदवलेला असल्याने पुढे कधीही ती शाबूत आहे का हे तपासता येते. तुमचे ध्वनिमुद्रण २४ बिटचे असल्यामुळे अडचण नाही. ३२ बिट फ्लोटच्या (दशांशी आकड्यांत ध्वनी नोंदवणाऱ्या) फायली मात्र फ्लॅकमध्ये बसत नाहीत, त्या डब्ल्यूएव्हीतच ठेवाव्यात.

खर्जातला

मनःपूर्वक आभार. स्वतंत्र फोल्डर करण्यास सुरुवात केली आहे. एक शंका: वापरातल्या डब्ल्यूएव्हीसुद्धा फ्लॅक करून टाकल्या तर?

मिक्सघर

तसे केल्यास आरपीपी जुन्याच नावाच्या डब्ल्यूएव्ही शोधत राहील. शिवाय फाइल टाइमलाइनवर नेमकी कुठे सुरू झाली याची डब्ल्यूएव्हीत असलेली नोंद रूपांतरात गळू शकते, आणि मेट्रोनोम नसल्याने ती जागा कानाने शोधणे जिकिरीचे होईल. वापरातल्या फायली आहेत तशाच राहू द्या. त्यांच्या जोडीला प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत सलग असा २४ बिट डब्ल्यूएव्हीत रेंडर करून (नवी फाइल म्हणून काढून) ठेवा, म्हणजे उद्या रीपर किंवा त्यातले प्लगइन नसले तरी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सहा फायली एकाखाली एक ठेवून अभंग उभा करता येईल. पट्टी, माइकची नावे आणि कोणता टेक निवडला हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये टाका.