कोथरूडच्या आधीची अकरा वर्षे
भाजपचे नेते चंद्रकांत पाटील २०१९ मध्ये पुण्यातल्या कोथरूडमधून विधानसभेवर जाईपर्यंत ‘मागच्या दाराने’च, म्हणजे लोकांच्या मतांवर निवडून न येता, विधिमंडळात होते, असे म्हटले जाते; ते मला अर्धेच पटते. २००८ आणि २०१४ मध्ये ते ज्या पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले, त्यात आपल्या कोल्हापूरसह पाच जिल्हे येतात आणि तिथे पदवीधरांचे प्रत्यक्ष मतदान होते. राज्यपालनियुक्त जागेशी त्याची गल्लत करू नये. मात्र पदवी आहे म्हणून नाव आपोआप मतदारयादीत येत नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने तयार होते, नावनोंदणीचा अर्ज (नमुना १८) पुन्हा भरावा लागतो, आणि मागच्या वेळी मत दिले होते म्हणून निर्धास्त राहिलेली माणसे (२०२० मध्ये मीही त्यांतलाच) मतदानाला मुकतात. साहजिकच घरोघरी जाऊन अर्ज भरून घेणारे कार्यकर्ते ज्याच्याकडे, त्याचे पारडे जड. आणि अभाविप या विद्यार्थी संघटनेच्या कामातून घडलेल्या पाटलांना ही पद्धत मानवणारीच होती.

विधानसभेचे गणित निराळे. २०१४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहापैकी दोन जागा जिंकणाऱ्या भाजपला २०१९ मध्ये, पाटील प्रदेशाध्यक्ष असताना, इथे एकही जागा मिळाली नाही, आणि पुढच्याच वर्षी पदवीधरची जागाही राष्ट्रवादीच्या अरुण लाड यांच्याकडे गेली.