इंदूरच्या उन्हाळ्यासाठी अ‍ॅक्वा दी जिओ की इस्से मियाके? मदत हवी आहे

पोहेजिलेबी:
रोज लावायला एकच परफ्यूम घ्यायचं आहे. आर्मानीचं अ‍ॅक्वा दी जिओ (साधं ओ द तोआलेत, म्हणजे हलका प्रकार; त्याचीच दुसरी आवृत्ती प्रोफोंदो नव्हे) की इस्से मियाकेचं लो दिस्से पूर ओम? सुदामानगर ते विजयनगर स्कूटर, मग आठ तास एसी. मे महिन्यात पारा ४२ ला टेकतो. दुकानातल्या कागदी पट्टीवर दोन्ही छानच वाटतात. घामात कोणतं बिघडेल?

वाळ्याचा पडदा:
पट्टीवर निकाल लावू नका. दोन्हींतला 'पाणीदार' वास मुख्यतः कॅलोनचा. फायझरच्या प्रयोगशाळेत १९६६ साली सापडलेलं हे रसायन. वास कलिंगडाच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागासारखा, थोडा खारा. खरा फरक त्याच्या सोबत्यांचा. इस्सेमध्ये (१९९४) युझू हे जपानी लिंबू पुढे, मागे जायफळ आणि चंदन. जिओमध्ये (१९९६) बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ, रोझमेरी, जाई, तळाला पॅचौली या झाडाच्या पानांचा मातकट वास.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात लिंबाचा भाग पंधरा-वीस मिनिटांत उडतो. कॅलोन मात्र चिवट, पट्टीवर दुसऱ्या दिवशीही जाणवतं. म्हणून इस्सेचं युझू ओसरलं की काहींना चिरलेली काकडी नि साबण एवढंच उरल्यासारखं वाटतं. जिओत जाई ती जागा भरून काढते. माझं मत जिओ.

माळवी:
उन्हापुरतं पटलं. पण दिवसाचे आठ तास एसीत जाणार आहेत, आणि तिथे इस्सेचा तो आंबट टवटवीतपणा जास्त खुलतो. घरून लावूनच निघू नका. वारा आणि घाम मिळून अर्धं रस्त्यातच संपवतात. ऑफिसात पोचल्यावर मान कोरडी पुसा, मग दोन फवारे छातीवर, एक कॉलरच्या मागे. पांढऱ्या शर्टावर थेट नको, डाग पडू शकतो. ५ मिलीची छोटी कुपी बॅगेत ठेवा. स्कूटरच्या डिकीत अजिबात नको, तिथल्या उष्णतेने आधी लिंबूच नासतं.

वाळ्याचा पडदा:
कुपीचं बरोबर. चाचणी अशी करा: एका मनगटावर जिओ, दुसऱ्यावर इस्से, एकेकच फवारा. मनगटं घासायची नाहीत. सराफ्याच्या खाऊगल्लीकडे तासभर पायी फिरा (खाण्याआधी, नाहीतर जिलेबीचाच वास येईल), मग हुंगा. चार तासांनी पुन्हा. कातडी कोरडी असेल तर खाली बिनवासाचं व्हॅसलिन चोळा. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास मध्ये येतो.

आणि तासाभराने वास 'गेला' म्हणून आणखी फवारू नका. नाक सरावतं, शेजारच्या टेबलाला तो येतच असतो.

माळवी:
घेताना खोका आणि बाटली या दोन्हींवरचा बॅच कोड (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) जुळतो का पाहा. आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर नसेल तर सवलत कितीही असो, सोडून द्या.

पोहेजिलेबी:
शनिवारी दोन्ही मनगटं घेऊन सराफ्यात. खाण्याआधी, हे लक्षात ठेवलंय.