मदत हवी आहे : शेजाऱ्यांचे उघडे वायफाय वापरणे कितपत योग्य?

आमच्याकडे शिकायला राहिलेला भाचा खालच्या मजल्यावरील काकांच्या वायफायला पासवर्ड नसल्यामुळे त्यावर बिनदिक्कत व्याख्याने पाहतो, आणि वर ‘दार उघडेच आहे’ असे मलाच ऐकवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणक जाळ्यात शिरण्याचा उल्लेख आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मग पासवर्ड नसणे ही मूक संमती ठरते का? मला तरी तसे वाटत नाही. शिवाय २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता आणि चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला होता. काकांना न घाबरवता पासवर्ड लावण्याविषयी कसे सांगावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.