डिस्ने वर्ल्डची मोनोरेल: आतून नवी केली म्हणजे झालं का?

कऱ्हाडकर

ज्यांनी फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं तेव्हापासून तिथे मोनोरेल धावते. रिसॉर्ट, एक्सप्रेस आणि १९८२ साली जोडलेली एपकॉट (डिस्ने वर्ल्डमधल्याच दुसऱ्या पार्कला जाणारी), अशा तीन लाइनी, मिळून साधारण १४.७ मैल. आत्ताच्या गाड्या 'मार्क सिक्स' पिढीतल्या, म्हणजे १९८९ ते १९९१ दरम्यान आलेल्या, बॉम्बार्डिए कंपनीच्या. एकूण बारा गाड्या, प्रत्येकीला सहा डबे आणि एका रंगाचा पट्टा. त्या पट्ट्यावरूनच गाडीचं नाव: रेड, कोरल, टील, पीच वगैरे.

डिस्ने या जुन्याच गाड्यांचा आतला भाग नव्याने करतं आहे, त्यावरून आमच्या इथल्या मराठी मंडळींत बरीच वादावादी झाली. बहुतेकांचा सूर असा की नव्या गाड्या घ्यायच्या सोडून ही मलमपट्टी चालली आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. निर्णय बरोबर आहे आणि तो खरं तर आधीच व्हायला हवा होता.

पहिली गोष्ट, ही गाडी जाऊन दुकानातून उचलून आणण्यातली नाही. ती ज्या काँक्रीटच्या तुळईवरून धावते ती २६ इंच रुंद. जपानात हिताचीच्या गाड्या चालतात त्या तुळया याहून रुंद असतात. शिवाय नवी गाडी याच वळणांवरून जायला हवी, कंटेम्पररी हॉटेलच्या भल्यामोठ्या हॉलमधून आरपार निघायला हवी आणि याच फलाटांना बरोबर लागायला हवी. म्हणजे बारा गाड्या खास मापाने बनवून घ्यायच्या. त्या येतील तेव्हा येतील, आज जो माणूस तिकिटाला शेकडो डॉलर मोजून आला आहे त्याने तोवर कशावर बसायचं?

दुपारी तीनचा पाऊस कोसळून गेल्यावर या गाडीत शिरा. साठ माणसं ओल्या रेनकोटांत दाटीवाटीने उभी, एसीला कुबट वास, दारापाशी फरशीचा जोड उचकटून त्यात काळा मळ साचलेला, बाकाची कड फाटून पिवळा फोम बाहेर आलेला आणि एखादं पोर तो बोटाने उकरतंय. मोटार किती अश्वशक्तीची आहे हे त्या माणसाला कळत नाही, कळायची गरजही नाही. तो बसतो बाकावर आणि धरतो दांडा. ते आधी नीट करा.

मेकॅनिकल

कऱ्हाडकर, पूर्ण असहमत.

गाडी पस्तीस वर्षांची झाली. या वयात बाक आणि फरशी बदलली की लोकांना वाटतं गाडीच नवी आली, आणि मला नेमकी तीच भीती वाटते. जानेवारी २०१८ मध्ये चालत्या गाडीचं दार उघडंच असल्याचा एका प्रवाशाने काढलेला व्हिडिओ जगभर फिरला. तो दोष फाटलेल्या फोमचा नव्हता. दरवाजांची यंत्रणा, रबरी टायर, मोटारी, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स, या गोष्टी थकतात. त्या थकल्या की गाडी मध्येच थांबते आणि डिझेलचं ट्रॅक्टर लावून ओढून न्यावी लागते.

सुट्या भागांचंही बघा. बॉम्बार्डिएचा रेल्वे विभाग २०२१ मध्ये आल्स्टोम या फ्रेंच कंपनीने घेतला. ज्यांनी या गाड्या आखल्या आणि बांधल्या ती मंडळी केव्हाच पांगली असणार. लास वेगासची मोनोरेल हिच्याच घराण्यातली. तिथली पहिली लाइन १९९५ साली डिस्नेच्याच, मार्क सिक्सच्या आधीच्या 'मार्क फोर' गाड्या घेऊन सुरू झाली, आणि २००४ साली मार्क सिक्सवर बेतलेल्या नव्या गाड्या आल्या. २०२० साली ती व्यवस्था दिवाळखोरीतून तिथल्या पर्यटन प्राधिकरणाने विकत घेतली. जगात इतक्या थोड्या ठिकाणी असणाऱ्या गाडीचे भाग कोण आणि किती दिवस बनवणार? म्हणून म्हणतो, अंगात ताकद आहे तोवर नव्या पिढीची ऑर्डर द्या. आतल्या सजावटीवर जाणारा प्रत्येक महिना हा तो निर्णय पुढे ढकलण्याचा महिना आहे.

शुभांगी_टँपा

माझा मुद्दा तुम्हा दोघांपेक्षा वेगळा आहे. बाक नवे की जुने यावर एवढी चर्चा, पण ते *कुठे* आहेत यावर कोणी बोलत नाही.

मार्क सिक्सच्या डब्यात दोन्ही टोकांना समोरासमोर बाकं आणि मध्ये दारांपाशी उभं राहायची जागा. एका डब्यात वीस बसणार, चाळीस उभे राहणार, असा हिशोब. माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर असतात आणि धाकटा अजून बाबागाडीत. आतषबाजी संपल्यावर मॅजिक किंगडम या मुख्य पार्कच्या फलाटावर आम्ही उभे राहतो तेव्हा कर्मचारी धावत येऊन दारात उतरता फळकुट लावून देतो, अगदी आपुलकीने. त्या लोकांबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण आत गेल्यावर मधल्या जागेत आधीच दोन बाबागाड्या असतात, सासूबाईंची खुर्ची वळत नाही आणि त्यांचे पाय कोणाच्या तरी गुडघ्यांना लागत राहतात. त्या बिचाऱ्या सगळ्या वाटेत 'सॉरी' म्हणत असतात.

डबा आतून उसवलाच आहे तर एका टोकाचं बाक घडीचं करा. रिकामी गाडी असेल तेव्हा बसा, गर्दीत उचलून ठेवा. नुसती नवी गादी घालून जागा तीच ठेवली तर आमच्यासाठी काही बदललेलं नाही.

कऱ्हाडकर

शुभांगीताई, घडीच्या बाकाला माझा पाठिंबा आहे. पण एकच टोक, दोन्ही नको. दिवसभर त्या उन्हात चाललेल्या सत्तरीच्या माणसाला परतताना बसायला मिळणं ही चैन नाही.

मार्क फोरशी तुलना करून पाहा. त्या गाड्यांत लहान लहान कप्पे होते आणि सगळ्यांनी बसूनच जायचं, नीट उभं राहता येईल एवढी उंचीच नव्हती. उभं राहण्याची जागा मार्क सिक्सनेच दिली. आजच्या गर्दीला हाच सांगाडा उपयोगी आहे, म्हणून तो टाकून द्यायला माझा विरोध.

चिबाकर

मी टोकियो डिस्नेच्या जवळ राहतो, म्हणून इथलं सांगतो. तिथल्या रिसॉर्ट लाइनची मोनोरेल जुलै २००१ मध्ये सुरू झाली. पाच किलोमीटरचा वेढा, चार स्थानकं. २०२० पासून 'टाइप सी' नावाच्या नव्या गाड्या यायला लागल्या. म्हणजे साधारण वीस वर्षांत पिढी बदलायला घेतली. खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या, हाताने धरायच्या कड्यासुद्धा त्याच आकाराच्या. लहान मुलांना ती कडी धरायला वर उचलून घ्यावं लागतं आणि आईबापांचा फोटो तिथेच निघतो. पार्कचं दार अजून लांब असतं, पण सहल तिथे सुरू झालेली असते.

फ्लोरिडातली गाडी मी पाहिली आहे. बाहेरून इतकी देखणी गाडी क्वचित दिसते. आत मात्र दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसल्यासारखं वाटलं. नवं करतानाही पुसायला सोपं आणि टिकाऊ एवढाच विचार करायचा असेल तर वाया गेलेली संधी म्हणेन.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. इथे मोनोरेलला तिकीट आहे, ती कायद्याने रीतसर रेल्वे आहे आणि तिची स्वतंत्र कंपनी आहे. फ्लोरिडात प्रवास फुकट. ज्याचं उत्पन्न वेगळं दिसत नाही त्यावर खर्च करायला कोणतीही कंपनी मागेपुढे पाहणारच.

कऱ्हाडकर

फुकट कसला? कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन या तिन्ही हॉटेलांच्या खोल्यांचे दर बघा. खालून थेट मोनोरेल मिळते यासाठीच लोक तिथे जास्त पैसे मोजतात. गाडीचं भाडं खोलीच्या भाड्यात वसूल होतं. त्यामुळे 'परवडत नाही' ही सबब मला दोन्ही बाबतीत मान्य नाही, ना आतल्या कामासाठी, ना उद्याच्या नव्या गाड्यांसाठी.

वडाळा_डेपो

मी डिस्नेला गेलेलो नाही. पण मोनोरेलच्या डब्यात अडकणं काय असतं ते आम्हा मुंबईकरांना विचारा.

१९ ऑगस्ट २०२५. मुसळधार पावसाने हार्बर लाइन बंद पडली, लोक मोनोरेलकडे वळले आणि म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कच्या मध्ये गाडी उभी राहिली. क्षमता १०४ टनांची, वजन झालं होतं १०९ टनांच्या आसपास, त्यामुळे विजेचा संपर्क तुटला असं सांगितलं गेलं. दिवे गेले, एसी बंद. खिडक्या उघडत नाहीत. ५८२ माणसांना अग्निशमन दलाने शिड्यांच्या गाड्या लावून उतरवलं. माझा मामेभाऊ त्यात होता. तो सांगतो, पहिल्या काही मिनिटांत बाकावर कोण बसलं आहे याचा विचार संपतो, माणूस फक्त हवा शोधतो.

म्हणून या धाग्यावर जे चाललं आहे त्यात मला मुख्य प्रश्नच दिसत नाही. वीज गेल्यावर बॅटरीवर पंखा किती वेळ चालतो? खिडकीचा कोणता भाग आतून उघडता येतो? बाहेर पडायचा मार्ग अंधारातही दिसतो का? नवी फरशी आणि नवा फोम पेटला तर कसला धूर सोडतो? डिस्नेलाही हा धडा मिळालेला आहे. २६ जून १९८५ ला एपकॉटहून येणाऱ्या मार्क फोर सिल्व्हर गाडीचा शेवटचा डबा पेटला. हवा गेलेला टायर काँक्रीटवर घासत राहिला आणि त्याने पेट घेतला. लोकांनी खिडक्या लाथांनी फोडल्या आणि गाडीच्या अंगाला धरून टपावर चढले. सात जणांना धुराने गुदमरून रुग्णालयात न्यावं लागलं. आग ओळखणारी यंत्रणा, आणीबाणीचे मार्ग, हे सगळं त्यानंतर आलं.

मला कोणी नवा केलेला डबा दाखवला तर मी आधी छताकडे आणि खिडकीच्या चौकटीकडे बघेन, बाकाकडे नंतर.

नेहा_प

मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. सप्टेंबर २०१९ मध्ये डिस्नेने स्कायलायनर सुरू केलं, तारेवरचे पाळणे. एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि काही हॉटेलं जोडली. दहाएक माणसांचा पाळणा, सतत येत राहतो, चेंगराचेंगरी नाही. पन्नास वर्षं जुन्या कल्पनेला चिकटून राहण्यापेक्षा तेच वाढवा.

शुभांगी_टँपा

नेहा, स्कायलायनर मलाही आवडतं, पण वीज कडाडायला लागली की ते बंद ठेवतात. उन्हाळ्यात फ्लोरिडात ही जवळजवळ रोजची दुपार आहे. शिवाय मोनोरेल दिवसाला दीड लाख लोक नेते असं सांगतात. एवढी माणसं पाळण्यांतून हलवायची म्हणजे सगळीच व्यवस्था नव्याने उभी करावी लागेल. वाहनतळ आणि मॅजिक किंगडमच्या मध्ये एवढं मोठं तळं आहे, तिथे आज मोनोरेल नाहीतर फेरीबोट.

मेकॅनिकल

वडाळा_डेपो यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. हवा खेळती ठेवणं, आग रोखणं, सुटकेचा मार्ग, या गोष्टी गाडी कागदावर आखतानाच ठरतात. आजच्या नियमांनुसार आखलेला डबा आणि १९८०च्या दशकात आखलेल्या डब्यात नंतर बसवलेल्या सोयी, यांत फरक राहणारच.

कऱ्हाडकर

इथे मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे, आणि याच कारणाने मला आतलं काम मलमपट्टी वाटत नाही. भिंतीचं पॅनल उतरवल्याशिवाय त्यामागची पस्तीस वर्षं जुनी वायर दिसत नाही. फरशी उपटल्याशिवाय खालचा पत्रा गंजला आहे का ते कळत नाही. एसीचा कुबट वास नळीतून येतो, आणि ती नळी छत उघडल्यावरच हाताला लागते. डबा पूर्ण मोकळा करण्याची संधी रोजच्या देखभालीत मिळत नाही, कारण सकाळी गाडी पुन्हा तुळईवर हवी असते. ज्याला तुम्ही सजावट म्हणता त्या कामातच बाकी सगळं तपासून बदलता येतं. वडाळा_डेपो यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच वेळी सोडवायचा असतो.

मेकॅनिकल

'बदलता येतं' आणि 'बदललं' यात अंतर आहे. प्रवाशाला पॅनल लावल्यानंतरचा डबा दिसतो. मागे नवी वायर गेली की जुनीच राहिली, हे तो कसं ओळखणार? ५ जुलै २००९ च्या रात्री पिंक गाडी मागे येऊन पर्पलवर आदळली आणि एकवीस वर्षांचा चालक गेला. गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा तुळईचा सांधा फिरवलेला नव्हता आणि तो फिरला की नाही हे कोणी पडताळून पाहिलं नाही. तिथे गाडी नवी की जुनी हा प्रश्नच नव्हता, प्रश्न पडताळणीचा होता. २०२३ साली फ्लोरिडाने या मोनोरेलची सुरक्षा तपासणी राज्याच्या परिवहन खात्याच्या कक्षेत आणणारा कायदा केला तेव्हा त्यामागच्या राजकारणावर पुष्कळ बोललं गेलं. मला राजकारणाशी घेणंदेणं नाही. बाहेरच्या कोणीतरी पॅनल उघडं असताना आत डोकावावं, एवढंच हवं आहे. तसं होणार असेल तर आतल्या कामाला माझा विरोध निम्मा कमी होतो.

वडाळा_डेपो

निम्मा का? हे झालं तर मी पूर्ण पाठिंबा देईन.

मेकॅनिकल

कारण सुट्या भागांचा प्रश्न तसाच राहतो. माझा प्रस्ताव असा: दहा गाड्यांचं आतलं काम चालू ठेवा, आणि दोन गाड्या नव्या आखणीच्या मागवा. त्या एपकॉट लाइनवर चालवून बघा.

कऱ्हाडकर

दोन पिढ्या एकत्र म्हणजे दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रकारचं प्रशिक्षण, आणि दुरुस्तीची शेड एकच. मला नाही पटत.

मेकॅनिकल

१९८९ ते १९९१ मध्ये मार्क फोर आणि मार्क सिक्स एकाच तुळईवर धावतच होत्या की. शेड तेव्हाही एकच होती.