तोक्योत आईसोबत एक निवांत दिवस : कुठली देवळं करावीत?

कोयरी
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि आई तोक्योला जातोय. माझं ऑफिसचं काम आटोपल्यावर एक अख्खा दिवस आम्हा दोघींचा आहे. आईला टॉवर, मॉल, डिस्ने काही नको. "तिकडचे देव बघू" एवढंच म्हणाली आहे. वय ६८, गुडघे कुरकुरतात. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालते, जिना दिसला की माझ्याकडे बघते. शाकाहारी आहोत. केकमध्ये अंडं असेल तर ती डोळेझाक करते, मासळी मात्र अजिबात नाही. तीन-चार ठिकाणं, मध्ये भरपूर बसणं आणि अंधार पडायच्या आत हॉटेल, असं कसं आखावं? आणि देवासमोर नुसते हात जोडायचे की टाळ्या वाजवायच्या? व्हिडिओत दोन्ही दिसतं.

घोडदौड
आम्ही एका दिवसात नऊ केली होती. सकाळी मेइजी जिंगू, मग सेन्सोजी, झोजोजी, सेन्गाकुजी, कांदा म्योजिन, नेझु... उरलेल्यांची नावं फोटो बघून सांगतो. मेट्रोचा दिवसाचा पास काढा, वसूल होतो.

ताकभात
कोयरी, वरचा प्रतिसाद आईंना दाखवू नकोस. :) नावं फोटो बघून आठवायची असतील तर जायचं कशाला?

निशिकासाईकर
गेली अकरा वर्षं इथे आहे. देशातून आलेल्या आत्या, मावश्या, सासूबाई सगळ्यांना फिरवून एक मार्ग पक्का झालाय, तो देतो. असाकुसा आणि उएनो, एवढंच. ही दोन्ही ठिकाणं एकाच जुन्या मेट्रोवर आहेत. १९२७ साली जपानची पहिली भुयारी रेल्वे धावली ती याच दोन स्टेशनांमध्ये. आजही असाकुसाहून तिसऱ्या स्टेशनला उतरायचं, काम झालं.

असाकुसातल्या सेन्सोजीला सकाळी साडेसात-आठला पोचा. दुकानं तेव्हा बंद असतात आणि तेच हवं. दहानंतर देवळापुढच्या नाकामिसेच्या अडीचशे मीटरच्या गल्लीत मंडईतल्यासारखी गर्दी होते. दारातला लाल कंदील जवळजवळ चार मीटर उंच आणि ७०० किलोचा आहे. फोटो सगळे समोरून काढतात. आईंना त्याच्या खाली उभं करा आणि वर बघायला सांगा, तळाशी लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे. देऊळ कानोनचं, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. सन ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत मूर्ती सापडली अशी कथा आहे. ती मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. आत्ताची इमारत १९५८ ची, आधीची १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. मुख्य देवळाला लिफ्ट आहे, पायऱ्यांची काळजी नको. समोर मोठ्या धूपपात्रातला धूर ओंजळीने दुखऱ्या जागेवर घेतात. आईंना सांगायला लागणार नाही, बाकीच्या आज्या गुडघ्यांवर घेतानाच दिसतील.

आता खरी गंमत. तिथून दहा-बारा मिनिटांवर, नदीच्या बाजूला, मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ आहे, सेन्सोजीच्याच अखत्यारीतलं. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. जुन्या ग्रंथांत त्याला 'बिनायाका' असंही म्हटलंय. नैवेद्य मुळ्याचा! पानांसकट पांढरेशुभ्र जाडजूड मुळे देवासमोर रचून ठेवलेले असतात. देवळातच विकत मिळतात. एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि कनवटीची थैली ही चिन्हं खांबांवर, पायऱ्यांवर, कंदिलांवर सगळीकडे कोरली आहेत. मुळा प्रकृती आणि संसारासाठी, थैली धंद्यासाठी. देऊळ टेकाडावर आहे, पण घाबरू नका, खालून वर नेणारा इवलासा डबा आहे रुळांवरचा. चपला काढून आत जायचं. आपल्यासारखंच.

कोयरी
गणपतीला मुळा??? आईला फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मोदकाचं काय केलं त्यांनी?"

निशिकासाईकर
आईंना सांगा, मोदकही आहे. क्योतोत 'कांकिदान' नावाची मिठाई मिळते. लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण, त्यात सात प्रकारची सुगंधी द्रव्यं, वर पारी, थैलीसारखं तोंड वळलेलं आणि तिळाच्या तेलात तळलेलं. थोडक्यात तळणीचा मोदक. थांग राजवटीच्या काळात चीनमार्गे आलेला पदार्थ आहे. वासाला उदबत्तीच्या पुड्यासारखा. पहिला घास मला जड गेला होता, खोटं कशाला सांगू.

एक सूचना. मूर्ती दिसणार नाही. कांगितेनची मूर्ती बंद देव्हाऱ्यात असते. दोन गजमुखी देव आलिंगन देऊन उभे, असं तिचं मुख्य रूप. आपल्याकडच्या काहींना हे ऐकून अवघडल्यासारखं होतं. मी सासूबाईंना आधी सांगितलं नव्हतं, चूक झाली. तिथल्या पत्रकावर वाचून घरी येईपर्यंत त्या गप्प होत्या.

उंबरठा
टाळ्यांचं सांगते. तोरीची कमान दिसली की ते जिंजा, शिंतो देवस्थान. तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं मागायचं, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, शांतपणे हात जोडायचे. घोळ असा की सेन्सोजीच्या अगदी शेजारी असाकुसा जिंजा आहे, त्याच दोन कोळ्यांना आणि त्यांना मूर्तीचं मोल सांगणाऱ्या गावप्रमुखाला वाहिलेलं. १६४९ चं आहे आणि १९४५ च्या आगीतून वाचलेलं. चाळीस पावलांत नियम बदलतो. चुकलं तर कुणी ओरडत नाही.
पेटीत ५ येनचं नाणं टाकतात, मधे भोक असलेलं. ५ येन म्हणजे 'गो-एन', आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. सुट्टे आदल्या दिवशीच जमवून ठेव.

पालखीचा भोई
मेइजी जिंगू चुकवू नका असं माझं मत. शहराच्या मधोमध सत्तर हेक्टर माणसांनी लावलेलं जंगल आहे, देशभरातून एक लाख झाडं आली होती. १९२० चं देवस्थान.

निशिकासाईकर
जंगल सुंदरच, पण दारापासून देवापर्यंत जाडी खडी. गुडघ्यांना ती वाळूत चालण्यासारखी होते. शिवाय शहराच्या दुसऱ्या टोकाला. निवांतपणा गेला मग.

दुपारचं लिहायचं राहिलं. उएनोत शिनोबाझु तळ्याच्या मधोमध बेन्तेन-दो आहे, बेन्झाइतेनचं. ही सरस्वती. एरवी तिच्या हातात वीणेच्या जागी बिवा वाद्य असतं, इथल्या मूर्तीला मात्र आठ हात. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं तळं कमळांनी भरतं. नोव्हेंबरमध्ये सुकलेले तपकिरी देठ आणि बदकं, मला तेच जास्त आवडतं. आवारात दगडी स्मारकं नीट बघा. एक फुगू माशांच्या आत्म्यासाठी, एक स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी आणि एक चष्म्यांसाठी! आमच्या आत्याने तिथे आपला चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

शेवटी टॅक्सीने यानाकातलं तेन्नोजी. तोक्योत टॅक्सी ५०० येनपासून सुरू होते, आईंसाठी तेवढं करा. उघड्यावर बसलेला काशाचा मोठा बुद्ध आहे, १६९० चा. शेजारच्या दफनभूमीत थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या दिसतील. त्यांवर वरून खाली पाच अक्षरं काळ्या शाईत असतात : ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. लिपी सिद्धम्, आपल्या नागरीची जुनी नातेवाईक. भारतात ती कधीच मागे पडली, इथे रोज लिहिली जाते. सूर्य साडेचारला मावळतो, त्यामुळे तीनपर्यंत तिथे असा.

खडीसाखर
खाण्याचं : सूप, नूडल्स, भाज्यांची उकड, सगळ्यात सुक्या माशाचं पाणी असतं. 'मासे नको' म्हटलं तरी हे पाणी ते मासळीत मोजत नाहीत. असाकुसात इमो-योकान मिळतं, रताळं, साखर, किंचित मीठ. वडीच म्हण. एकादशीला चालावं असं. जेवायला उएनोत भारतीय हॉटेलं आहेत, लाज वाटून घेऊ नकोस.

कोयरी
परत आलो! सगळ्यांचे मनापासून आभार. वृत्तांत थोडक्यात.

सुरुवातच चुकली. असाकुसा स्टेशनच्या ज्या दाराने बाहेर पडलो तिथे लिफ्टच नव्हती, आणि आईने बावन्न पायऱ्या मोजून मला ऐकवल्या. लिफ्टचं दार आधी नकाशावर शोधा, हे इथे कुणी लिहिलं नव्हतं! सेन्सोजीत आईने चिठ्ठी काढली, १०० येनची. डबा हलवून काडी काढायची, तिच्यावरच्या आकड्याचा खण उघडायचा. निघालं 'क्यो', म्हणजे अशुभ. शेजारच्या मुलीने खुणेने दाखवलं की वाईट चिठ्ठी इथेच बांधून जायची. आईने ती गजऱ्याच्या गाठीने बांधली.

मुळ्याच्या गणपतीपाशी आम्ही दीड तास बसलो. आत चार-पाच माणसं, कुणी मंत्र पुटपुटतंय. आईने अथर्वशीर्ष म्हटलं, हळू आवाजात, पूर्ण. एक आजोबा मागे वळून बघत राहिले आणि संपल्यावर त्यांनी मान लववली. निघताना तिथल्या बाईंनी देवापुढून उतरवलेला एक मुळा आईच्या हातात दिला. प्रसाद! हातभर लांब.

तो मुळा घेऊन आम्ही सरस्वतीकडे गेलो, टॅक्सीत बसलो, बुद्धाशेजारी त्याला बाकावर ठेवला. फळ्यांवरची अक्षरं मला एकही लागली नाहीत. आई मोडी शिकलेली, तिने तुमचा प्रतिसाद हातात धरून तळाचं 'अ' ओळखलं आणि मग प्रत्येक फळीवर तेच शोधत बसली. यानाकाच्या पुढे कुठेही गेलो नाही.

हॉटेलात किसणी नव्हती. मुळा रिसेप्शनच्या मुलाला दिला, त्याने दोन्ही हातांनी घेतला.

ताकभात
वाचनखूण साठवली. अवांतर : पाला तरी ठेवून घ्यायचा होतास गं.

निशिकासाईकर
अहो, फोन करायचा ना! पंधरा मिनिटांवर किसणी होती.